काट्यामागची शिडी

मी एक शिडी आहे, पण माझ्यावर आजवर कुणाचा पाय पडलेला नाही. मला ना बांबू, ना दोर. मी वीतभरसुद्धा लांब नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या पोटाचे, अंगावर रंगीत पट्टे असलेले आणि दोन्ही बाजूंना तारेचे पाय फुटलेले रेझिस्टर तुम्ही कधी पाहिले असतील. तसल्या बऱ्याच भावंडांना एका पट्टीवर जोडून मला बनवलंय.

तरी माझ्यावरून रोज कुणीतरी चढतं आणि उतरतं. एका माणसाचा श्वास.

गेले काही दिवस माझी एक पायरी निखळत होती. मला ते कळत होतं, त्यालाही कळत होतं, आणि दोघांनाही ते सांगता येत नव्हतं. ते दिवस कसे गेले हे मला आज सांगायचंय. जरा घाईत सांगते, कारण संध्याकाळी डॉक्टर येणार आहेत आणि ते काय म्हणतील याची या घरात सगळ्यांनाच भीती आहे.

माझी भावंडं जन्मली कुठल्याशा कारखान्यात, ते त्यांना आठवत नाही. आठवतो तो एक लाकडी खण. मीटर दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानातला. दुकान बाबांचं, ज्यांचा श्वास माझ्यावरून चढतो त्यांचं. बाजारात त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत, कारण काट्याची कुठलीही वस्तू त्यांना वर्ज्य नव्हती. बॉयलरचे प्रेशर मीटर, मोटारींचे पेट्रोल दाखवणारे, विजेच्या पॅनलवरचे गोल चेहऱ्याचे. भिंतभर काटे होते आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं.

बाबांची एक सवय होती. मीटर कितीही चांगला दिसला तरी ते काटा बघण्याआधी काचेवर बोटाने दोनदा हलकेच टकटक करत. मग थांबत. अडकलेला काटा असेल तर तेवढ्या धक्क्याने सुटतो आणि आपल्या खऱ्या जागी येतो. तो स्थिर झाला की मगच बाबा त्यावर विश्वास ठेवत. ही सवय त्यांच्याबरोबर घरीही यायची. भिंतीवरच्या घड्याळाला टकटक, पाण्याच्या मीटरला टकटक. आई वैतागायची.

"अहो, काच आहे ती, दार नव्हे! आत कुणी राहत नाही."

"असं तुला वाटतं," बाबा म्हणायचे.

पुढे आकडे दाखवणारे मीटर आले आणि काट्यांचं दुकान हळूहळू रिकामं झालं. बाबांनी शटर ओढलं, खण घरी आणले आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल मांडलं. त्यांची मुलगी तिथेच डाख लावायला, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायला शिकली. लहानपणी तापलेल्या लोखंडी टोकाला तिने हात लावला होता, तेव्हापासून तिचं नाव ठिणगी पडलं. ठिणगी आता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते आहे, पण घरात कुणाला तिचं खरं नाव चटकन आठवत नाही.

तिला शिकवताना बाबा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत. पहिली, रेझिस्टर घ्यायचे तर कागदाच्या एकाच पट्टीवर चिकटून आलेले घ्यावेत. "सख्खे भाऊ निघतात. एक चुकला तर सगळे तेवढेच चुकतात, मग भांडण नाही." दुसरी गोष्ट ते ओरडूनच सांगत. "डाख गोठेपर्यंत हात हलवायचा नाही! श्वाससुद्धा नंतर घे."

मग एके दिवशी सकाळी बाबा खुर्चीतून उठायला गेले आणि उठलेच नाहीत.

मेंदूतली एक शीर अडली, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. शब्द गेले, आकडेही गेले. राहिला तो एकच शब्द, "बरं". पाणी हवं असेल तरी बरं, नको असेल तरी बरं. रडू आलं तरी बरं. लोक बोलत ते त्यांना कळतही नसे. ज्याने आयुष्यभर काट्यांचं ऐकलं, त्याच्या कानात आता माणसांच्या बोलण्याचा नुसता गोंगाट पडायचा.

पण खरी भीती वेगळीच होती. दिवसभर पडून राहिल्यामुळे त्यांच्या छातीत कफ साचत होता. एकदा न्यूमोनिया होऊन गेला होता. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी आईला बजावलं होतं, "खोल श्वास. सावकाश आत, सावकाश बाहेर. दिवसातून जितक्या वेळा होईल तितक्या वेळा. हे औषधापेक्षा मोठं आहे."

सांगणं सोपं होतं. बाई म्हणत, "काका, श्वास घ्या... धरा... सोडा." बाबा म्हणत, "बरं," आणि पंख्याकडे बघत राहत. बोटांनी मोजून दाखवलं तर आकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. श्वास ओढून चेंडू वर चढवायचं एक प्लास्टिकचं यंत्र आणलं, पण एका बाजूचे ओठ मिटत नव्हते. हवा गळायची, चेंडू ढिम्म. आई समोर बसून स्वतः मोठमोठे श्वास घेऊन दाखवी, तर बाबांना वाटे तिलाच बरं नाही. ते घाबरून तिचा हात धरत.

हे सगळं चालू असताना एका दुपारी ठिणगी टेबलावर बॅटरी तपासत होती. जुन्या गोल मीटरचा काटा वर गेला, खाली आला. पलंगावरून बाबा बघत होते. काटा वर गेला तशी त्यांची हनुवटी वर गेली. काटा खाली आला तशी खाली आली.

ठिणगीने पुन्हा काटा वर नेला. या वेळी तिने काट्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं.

"आई गं," ती हळूच म्हणाली, "बाबांना काटा कळतो."

माझा जन्म त्या वाक्यातून झाला.

आता जरा माझं काम सांगते, म्हणजे पुढचं दुखणं कळेल. माझा शेजारी आहे मायक्रोकंट्रोलर. नखाएवढा काळा चौकोन. हुशार, पण भलताच एककल्ली. त्याला दोनच गोष्टी येतात, आहे आणि नाही. त्याच्या ज्या आठ पिना माझ्याकडे येतात, त्यांतल्या प्रत्येकीवर एकतर पूर्ण पाच व्होल्ट असतात, नाहीतर काहीच नसतं. "थोडंसं", "जरा जास्त", "निम्म्याच्या किंचित अलीकडे" असली भाषा त्याला बोलता येत नाही.

ती मला येते. त्याच्या आठ पिना माझ्या आठ पायऱ्यांना जोडलेल्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीच्या शब्दाला निम्मं वजन. तिच्या खालचीला त्याच्या निम्मं, तिच्या खालचीला त्याच्याही निम्मं. सगळ्यात खालची तर इतकी हलकी की तिचं घरात कुणी ऐकत नाही. मी मात्र ऐकते. सगळ्यांचं आहे आणि नाही ऐकून, ज्याचं त्याचं वजन धरून मी एकच उत्तर काढते, आणि तेवढा व्होल्ट पुढे देते. अशा रीतीने त्याच्या आडमुठ्या आहे-नाहीमधून माझ्याकडे श्वासाच्या लयीची एक सावकाश चढण आणि उतरण तयार होते. माझ्या अंगात फार जोर नाही, म्हणून मागे आठ पायांचा एक छोटा चिप बसवलाय. मी कुजबुजते ते तो काट्याला खणखणीत सांगतो.

ठिणगीने बाबांच्या खणातून एकाच पट्टीतले रेझिस्टर काढले. माझ्या काही जागांवर विजेला दुप्पट अडवणारे रेझिस्टर लागतात. ते खणात नव्हते, म्हणून तिने सख्ख्या भावांच्या जोड्या लावल्या. एकाच्या पायाला दुसऱ्याचा पाय, मध्ये डाख. माझी सगळ्यात वरची पायरीसुद्धा अशीच एक जोडी आहे. ती तिने सगळ्यात शेवटी जोडली.

कथील वितळलं, चमकलं, दोन्ही तारांना बिलगलं. अजून ते ओलं होतं, तेवढ्यात पलंगापासून आईची हाक आली.

"ठिणगे! लवकर ये, पाणी अडकलंय त्यांच्या घशात!"

ठिणगी उठून धावली. टेबलाला तिचा गुडघा लागला. मी हलले.

बाबांचा ठसका थांबला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवून ती परत आली, तेव्हा माझा तो डाख गोठला होता. बाकीचे सगळे डाख आरशासारखे चकचकीत. तो एकटाच मळकट, वरून खरबरीत. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. चिकटलेला दिसतो, चिकटलेला नसतो. एरवी ठिणगीच्या नजरेतून सुटला नसता. पण तिचं अर्धं लक्ष अजून पलंगाकडे होतं आणि तिला काटा हललेला बघायचा होता. तिने तार जोडली. काटा हलला. तिने मला आईच्या बटणांच्या रिकाम्या डब्यात बसवलं आणि झाकण लावलं. एक निळं बटण आतच राहिलं. अजून ते माझ्या शेजारी आहे.

डब्याच्या वरच्या बाजूला गोल मीटर, बाबांच्याच दुकानातला. त्यावरचे आकडे ठिणगीने पांढऱ्या कागदाने झाकले होते. नुसता काटा. त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर तिने मला ठेवलं.

काटा वर निघाला. बाबांची छाती फुगू लागली. काटा सर्वांत वर जरा थांबला, बाबा थांबले. काटा खाली आला, आणि त्यांच्या तोंडून एक लांब, जुना, साचलेला श्वास बाहेर पडला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली.

ते दिवस चांगले होते. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही तर माझी नोकरी घालवणार!" मामा, म्हणजे आईचा भाऊ, बघायला आला आणि काटा वर चढताना पाहून म्हणाला, "भावोजी, टाकी फुल झाली की सांगा, पुढे रांग लागलीय." बाबांना शब्द कळले नसतील, पण मामाचं तोंड बघून ते अर्ध्या ओठांनी हसले. "बरं," म्हणाले. त्या वेळी तो शब्द खरोखरच तिथे शोभला.

मी दिवसभर चढत होते आणि उतरत होते. मला कंटाळा येत नव्हता. एखाद्या रेझिस्टरच्या आयुष्यात एवढं मोठं काम कधी येतं?

मग थंडी पडली.

थंडीने धातू आकसतो. माझा तो मळकट डाख आतून सुटू लागला. पूर्ण तुटला असता तर बरं झालं असतं. काटा वेडावाकडा उडाला असता, ठिणगीने लगेच झाकण उघडलं असतं. पण तो धड तुटेना, धड जोडलेलाही राहीना.

माझ्या चढणीच्या बरोबर मध्यावर एक अवघड क्षण असतो. तोवर खालच्या सात पायऱ्यांनी मिळून भार पेललेला असतो. मध्यावर त्या सातही जणी एकदम हात सोडतात आणि वरची एकटी सगळा भार घेते. ती धडधाकट असेल तर कुणाला कळतही नाही. पण माझी वरची पायरी आता तेवढं पेलेनाशी झाली. सातजणींनी हात सोडले की काटा वर जायच्या ऐवजी जरासा खाली घसरायचा आणि मग पुन्हा वर निघायचा.

जरासाच. घरातल्या कुणाला दिसला नाही, कारण घरातलं कुणी काट्याकडे बघतच नव्हतं. सगळे बाबांच्या छातीकडे बघत होते.

काट्याकडे बघत होते ते एकटे बाबा. आणि ते काट्याचं ऐकत होते, जसं आयुष्यभर ऐकत आले तसं. अर्धा श्वास आत गेला की काटा घसरे, त्यांचा श्वास तिथेच अडखळे, ठसका लागे. छातीचा खालचा भाग, जिथे कफ बसलेला, तिथवर हवा पोचतच नव्हती.

मी ओरडत होते. माझ्याकडे ओरडायला एकच गोष्ट, तो चुकलेला व्होल्ट. तोच मी पुन्हा पुन्हा दाखवत होते. बघा, इथे. मध्यावर बघा. कुणीतरी बघा!

बाबांनी पाहिलं. त्यांनी डावा हात उचलला. तो हात त्यांचा कामाचा नव्हता. जड, आंधळा, कुठेही पडणारा. त्यांनी माझ्या काचेवर दोनदा टकटक केली. निदान त्यांना टकटक करायची होती. पडले ते दोन फटके. डबा हादरला, निळं बटण उडालं, आणि त्या हादऱ्याने माझ्या डाखातली फट मिटली. पुढचा काटा सरळ वर गेला. बाबांचा श्वासही.

त्यांना समजलं होतं! निदान एवढं तरी, की आत काहीतरी अडकतंय.

थोड्या वेळाने फट पुन्हा उघडली. पुन्हा दोन फटके. प्रत्येक फटक्याने मी क्षणभर बरी होत होते आणि प्रत्येक फटक्याने तो डाख आणखी सुटत होता. आमचं दोघांचं असं चाललं होतं. जे आम्हाला तारत होतं, तेच आम्हाला बुडवतही होतं.

"बाबा, असं नका करू!" ठिणगीने त्यांचा हात धरला. "फुटेल ना काच. लागेल तुम्हाला."

"बरं! बरं! बरं!" बाबा ओरडले. काट्याकडे बोट करायला गेले, बोट खिडकीकडे गेलं.

"खिडकी लावू?" आईने विचारलं.

"बरं!" त्यांनी मान जोरजोरात हलवली. आईने खिडकी लावली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

बाई आल्या तेव्हा आईने सगळं सांगितलं. बाई समजूतदार होत्या. "या आजारात राग येतो हो. स्वतःचाच राग असतो, निघतो वस्तूंवर. माझ्या एका आजोबांनी तर माझा चष्मा फेकला होता. यंत्र जरा लांब ठेवा, हाताला लागणार नाही असं."

ठिणगीने मला स्टुलावरून उचलून समोरच्या कपाटावर ठेवलं. तिचा चेहरा उतरला होता. माझ्याकडे बघत ती पुटपुटली, "एवढं आवडायचं त्यांना."

कपाटावरचे दिवस मी कसे सांगू? मी वर, ते खाली. मध्ये अख्खी खोली. काटा चढायचा, मध्यावर घसरायचा, आता आधीपेक्षा जास्त. बाबांचा हात हवेत उठायचा, दोनदा हलायचा आणि पडायचा. त्या हाताला काच सापडत नव्हती. तरी ते प्रामाणिकपणे माझ्याबरोबर श्वास घेत राहिले. अर्धा, अडखळत, ठसकत. मी त्यांना चुकीचं सांगत होते आणि ते ऐकत होते. तुमच्यावर कुणी एवढा विश्वास टाकला असेल आणि तुम्ही त्याला रोज थोडं थोडं खड्ड्यात नेत असाल, तर तुम्हाला कसं वाटेल? मला गप्प बसायचीही सोय नव्हती. कंट्रोलर सांगत होता, मी चढत होते.

आणि मग ताप आला.

डॉक्टरांनी बाबांच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग आईला बाजूला घेतलं, पण खोली लहान. बाजूला म्हणजे माझ्या कपाटापाशी.

"खालच्या बाजूला हवा जातच नाहीये. औषध बदलतो. उद्या संध्याकाळी येतो. ताप उतरला नाही तर मात्र हलवावं लागेल, नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल."

"मग बरे होतील ना?"

डॉक्टर बॅग बंद करत राहिले. "एकदा मशीनवर गेल्यावर त्यांची छाती पुन्हा स्वतःहून ओढेल का, हे मला आज सांगता येत नाही, ताई."

ते गेल्यावर बाबांनी पुन्हा माझ्याकडे हात उचलला. "बरं, बरं, बरं," त्यांचा आवाज चिरकत होता. ठिणगीला ते बघवेना. "मला बघितलं की चिडतात, याला बघितलं की चिडतात," ती रडत म्हणाली आणि तिने माझी वायर ओढून काढली.

काटा खाली पडला. माझ्यात एकही व्होल्ट उरला नाही.

बोलता न येणं मला सवयीचं होतं. पण चुकीचं का होईना, मी काहीतरी सांगत होते. आता तेही गेलं. मला वाटलं, संपलं. आता मला पुन्हा खणात टाकतील, आणि त्यांना... त्यापुढचं मी मनात येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे आजच, आई पलंगाशेजारी बसून कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत होती. बाबांच्या कपाळावर ओली पट्टी होती. त्यांचा डावा हात पलंगाच्या लोखंडी दांड्यापाशी पडला होता. त्याने आवाज केला.

टक, टक. मग शांतता.

टक, टक. मग शांतता.

आईची सुई चालूच होती. न बघता, अगदी सवयीने, ती म्हणाली, "अहो, काच आहे ती, दार न—"

तिची सुई थांबली.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा कपाटाकडे बघत होते. टक, टक. आणि ते थांबले होते. वाट बघत होते.

"ठिणगे," आईने हाक मारली. "इकडे ये. राग आलेला माणूस कसा मारतो गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे दोनदा मारून थांबतो का? काय होतंय ते बघत बसतो का?"

ठिणगी दारातच उभी राहिली. मग ती एवढ्या घाईने माझ्याकडे आली की स्टूल आडवं झालं. तिने मला खाली उतरवलं, बाबांच्या अगदी समोर, उजेडात ठेवलं, वायर जोडली. आणि या वेळी दोघी मायलेकींनी बाबांकडे नाही, काट्याकडे पाहिलं.

मी चढले. सातजणींनी हात सोडला. काटा कोसळला.

"अगं बाई," आई म्हणाली.

बाबांचा हात उठला. ठिणगीने तो अडवला नाही. मनगटाला खालून आधार दिला आणि काचेवर नेला. टक, टक. काटा सरळ वर गेला.

"ड्राय सोल्डर!" ठिणगी किंचाळली. "आई, ड्राय सोल्डर आहे! बाबा केव्हाचे सांगतायत! आणि मी त्यांचा हात धरून ठेवत होते गं..."

"रडतेस काय, उघड ते आधी!"

झाकण निघालं. कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला. ठिणगीला तो मळकट डाख दिसायला क्षणही लागला नाही. तिने बाबांना टेकून बसवलं, त्यांच्या मांडीवर लाकडी पाट ठेवला आणि मला त्यावर ठेवलं. लोखंडी टोक तापलं. माझी पट्टी हलू नये म्हणून बाबांनी आपला जड डावा तळवा माझ्या एका टोकावर ठेवला. तळवा तापाने भाजत होता. जुनं कथील वितळलं, नवं आलं, चमकलं.

टोक बाजूला झालं. कुणी हललं नाही. ठिणगीने श्वास रोखला होता, आईनेही. बाबांनीसुद्धा, न सांगता.

मग माझा डाख गोठला, आरशासारखा. बाबा म्हणाले, "बरं." आणि तिघांनी एकदम श्वास सोडला.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं.

मी आता धडधाकट आहे. स्टुलावर, त्यांच्या हाताशी. माझी वरची पायरी सगळा भार पेलते. काटा तळापासून टोकापर्यंत तेल लावल्यासारखा चढतो. पण काटा मध्यावर आला की बाबांचा श्वास अजूनही थांबतो. इतके दिवस मी त्यांना तिथे पाडलं. त्यांच्या छातीला आता ती जागा पाठ झाली आहे. माझ्यातली फट मिटली, त्यांच्यातली उरली.

मी त्यांना विनवते आहे. चढा. आता पायरी आहे. पाय ठेवून तरी बघा. पण पडलेला माणूस शिडीचं ऐकतो का?

ताप अजून उतरलेला नाही. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर सरकलं आहे. मामा दवाखान्याच्या गाडीची चौकशी करून आलाय आणि आज विनोद न करता दाराशी बसलाय. ठिणगी माझ्या काट्यावरून नजर हलवत नाही.

मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. तुमच्या घरात कुणाचे शब्द गेले असतील आणि तो हाताने काही आपटत असेल, तर लगेच हात धरू नका. आधी बघा, तो आपटून थांबतो का. थांबत असेल, तर तो तुमचीच वाट बघतोय.

पुन्हा काटा निघालाय. बाबांची छाती फुगतेय. मध्य आला. श्वास अडला.

आईने हातातला शर्ट खाली ठेवला आहे. ती पुढे वाकते, एक बोट वाकवते, आणि बाबांच्या छातीवर अगदी हलकेच, दोनदा, टकटक करते.

मग थांबते.

बाबा तिच्याकडे बघतात. मी मध्याच्या पुढे निघाले आहे, एक पायरी, आणखी एक, आणि माझ्याबरोबर, कापत कापत, त्यांचा श्वासही वर येतो आहे.